लिनक्सवर नेटवर्क शेअर माउंट करताना: कोणाला काय करता यावे, हे आधी ठरवा

कार्यालयातल्या विंडोज यंत्रावरचा किंवा नॅसवरचा (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेटीवरचा) सामायिक फोल्डर, म्हणजेच शेअर, लिनक्सच्या संगणकावर उघडणे अवघड नाही. त्याला एका ओळीची आज्ञा पुरते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. फोल्डर दिसतो, आतल्या फाइली वाचता येतात, पण नवी फाइल साठवायला गेले की परवानगी नाकारल्याचा संदेश येतो. मग कोणीतरी सुचवलेले '०७७७', म्हणजे सर्वांना सर्व काही करू देणारे परवानगीचे अंक, घालून पाहिले जाते आणि काम चालू होते. त्या संगणकावर खाते असलेल्या प्रत्येकाला हिशेबाच्या फाइली पुसण्याची मुभा मिळाली आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. माउंट करण्याची, म्हणजे शेअर आपल्या संगणकावरच्या एखाद्या डिरेक्टरीला जोडण्याची, आज्ञा आणि तिच्यासोबतचे परवानग्यांचे पर्याय या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पर्याय न समजता दिलेली आज्ञा अर्धवटच असते.

पुढील सर्व पायऱ्यांसाठी एक साधे उदाहरण धरू. एका लहान कार्यालयात १९२.१६८.१.१० या पत्त्यावर एक सर्व्हर आहे आणि त्यावर 'हिशेब' नावाचा शेअर आहे. तो सर्व्हर विंडोजचा असेल, सांबा (लिनक्सवरून विंडोजसारखे शेअर देणारा प्रोग्रॅम) चालवणारा लिनक्स असेल किंवा बाजारात मिळणारे नॅस असेल, आपल्या बाजूची कृती फारशी बदलत नाही. आपल्याकडे उबुंटू किंवा डेबियन चालवणारा एक संगणक आहे. त्यावर तीन जणांची खाती आहेत आणि त्यांपैकी दोघांनाच 'हिशेब' वापरायचा आहे. आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती आणि त्यांतले आकडे रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टंकावीत. जेथे कॅपिटल अक्षर लागते, तेथे तसे सांगितले आहे.

तपासणी दोनदा होते

विंडोजच्या जगातील शेअर ज्या नियमावलीने चालतात ती एसएमबी ही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये जन्मली आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. १९९६ साली तिच्या एका आवृत्तीला सीआयएफएस असे नाव देण्यात आले. ते नाव विंडोजच्या बाजूने केव्हाच मागे पडले असले, तरी लिनक्सच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) या फाइल-प्रणालीचा प्रकार आजही सहसा 'सीआयएफएस' असाच लिहितात. दुसरी मोठी पद्धत एनएफएस ही आहे. ती सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणली आणि युनिक्सच्या घरातलीच असल्यामुळे तिचे परवानग्यांचे तंत्र पूर्णपणे निराळे आहे. नवख्याला बहुतेक वेळा एसएमबीच भेटते, म्हणून आधी तिचेच पाहू.

एसएमबी शेअरवर फाइल लिहिताना परवानगीची तपासणी दोन ठिकाणी होते. पहिली तपासणी आपल्याच संगणकावर होते: लिनक्सचा कर्नल त्या फाइलीचा मालक, गट आणि परवानगीचे अंक पाहून लिहू द्यायचे की नाही ते ठरवतो. त्यातून पार पडल्यावर विनंती सर्व्हरकडे जाते. तेथे ज्या खात्याच्या नावाने शेअर माउंट केला आहे, त्या खात्याला काय करता येते हे सर्व्हर पाहतो. विंडोजच्या सर्व्हरवर तर याचेही दोन थर असतात, शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची (विंडोजच्या डिस्कवरील फाइल-प्रणालीची) परवानगी, आणि दोहोंपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते.

यातील कळीचा मुद्दा असा की साध्या माउंटमध्ये आपल्याला 'एलएस -एल' या आज्ञेने दिसणारे मालक, गट आणि अंक हे सर्व्हरवरचे नसतात. विंडोजला लिनक्सचे वापरकर्ता-क्रमांक ठाऊक नाहीत, म्हणून माउंट करताना आपण जे सांगू तेच मुखवट्यासारखे सगळ्या फाइलींवर चढवले जाते. आपण काहीच सांगितले नाही, तर सगळ्या फाइलींचा मालक रूट (सर्वाधिकारी खाते) होतो आणि परवानगी ०७५५ राहते, म्हणजे मालकाला सर्व काही आणि इतरांना वाचणे व चालवणे, पण लिहिणे नाही. यातले शेवटचे तीन अंक अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांचे असतात, आणि प्रत्येक अंक वाचन ४, लेखन २, चालवणे १ यांची बेरीज असतो. फाइल दिसते पण साठवता येत नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. अशा वेळी 'सीएचमॉड' किंवा 'सीएचओन' या परवानगी आणि मालक बदलणाऱ्या आज्ञा चालवून उपयोग होत नाही, कारण मुखवटा माउंटच्या वेळी ठरतो आणि बदलायचा तर पुन्हा माउंट करतानाच बदलावा लागतो.

तयारी आणि पहिली चाचणी

कर्नलला सीआयएफएस येत असले, तरी माउंटचा मदतनीस प्रोग्रॅम वेगळ्या पॅकेजात असतो. उबुंटू आणि डेबियनवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल सीआयएफएस-युटिल्स एसएमबीक्लायंट' ही आज्ञा द्यावी. 'सुडो' म्हणजे रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवणे. फेडोरावर पहिल्या पॅकेजचे नाव तेच आहे, दुसरे मात्र 'सांबा-क्लायंट' या नावाने मिळते. हा मदतनीस नसताना माउंट करू पाहिले तर फाइल-प्रणालीचा प्रकार चुकीचा आहे, पर्याय चुकीचा आहे किंवा सुपरब्लॉक खराब आहे, असा लांबलचक आणि घाबरवणारा संदेश येतो. डिस्कला काहीही झालेले नसते. पॅकेज राहिलेले असते, इतकेच.

माउंटच्या आधी सर्व्हर आपल्याशी बोलतो का, हे वेगळे तपासून घ्यावे. त्यामुळे पुढे चूक निघाली तर शोधण्याची जागा निम्म्याने कमी होते.

एसएमबीक्लायंट -एल //१९२.१६८.१.१० -यू लेखनिक

यातील 'एल' आणि 'यू' ही दोन्ही अक्षरे कॅपिटल आहेत, आणि 'लेखनिक' हे सर्व्हरवरचे खाते आहे, आपल्या संगणकावरचे नव्हे. पासवर्ड दिल्यावर शेअरची यादी आली, तर नेटवर्क, खाते आणि पासवर्ड तिन्ही ठीक आहेत. विंडोजच्या यंत्राबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी: रोज त्या यंत्रावर चार आकडी पिन टाकून आत जाणाऱ्या माणसाला तोच पिन येथे चालेल असे वाटते, पण पिन फक्त त्या यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्डच लागतो. शक्य असेल तर या कामासाठी सर्व्हरवर वेगळे, मर्यादित अधिकारांचे खाते काढून घ्यावे. व्यवस्थापकाचे खाते लिनक्सच्या संगणकात साठवून ठेवणे कधीही योग्य नाही.

आता माउंटसाठी रिकामी डिरेक्टरी तयार करून हाताने एकदा माउंट करून पाहावे.

सुडो एमकेडिर /एमएनटी/हिशेब
सुडो माउंट -टी सीआयएफएस //१९२.१६८.१.१०/हिशेब /एमएनटी/हिशेब -ओ युजरनेम=लेखनिक

पासवर्ड विचारला जाईल. तो आज्ञेतच 'पासवर्ड=' असे लिहून देता येतो, पण देऊ नये, कारण तो शेलच्या इतिहासात साठून राहतो आणि आज्ञा चालू असेपर्यंत 'पीएस' चालवणाऱ्या दुसऱ्या वापरकर्त्याच्या नजरेस पडण्याचाही धोका असतो. माउंट झाल्यावर 'एलएस -एलडी /एमएनटी/हिशेब' करून पाहिले तर वर सांगितलेला मुखवटा दिसेल: मालक रूट, गट रूट, अंक ०७५५ (ते येथे अक्षरांच्या रूपात दिसतात). हे चित्र एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे, म्हणजे पुढील पर्याय नेमके काय बदलतात ते कळते. मग 'सुडो युमाउंट /एमएनटी/हिशेब' करून शेअर सोडवावा. आज्ञेचे नाव 'युमाउंट' आहे, त्यात 'अन'मधला 'एन' नाही. पहिल्यांदा सगळेच तो घालतात.

अधूनमधून एखादी फाइल आणण्यापुरतेच काम असेल, तर पुढचे काहीच करण्याची गरज नाही. फाइल मॅनेजरच्या पत्त्याच्या जागी 'एसएमबी' या शब्दापुढे अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा देऊन सर्व्हरचा पत्ता लिहिला, की शेअर उघडतो आणि तो त्या वापरकर्त्यापुरताच राहतो. कायमचे माउंट हे रोजच्या कामासाठी, बॅकअपसाठी किंवा अशा प्रोग्रॅमसाठी असते, ज्याला डिस्कवरचा साधा मार्ग हवा असतो.

पासवर्डची फाइल

कायमच्या माउंटसाठी पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवावाच लागतो. तो '/ईटीसी/एफएसटॅब'मध्ये, म्हणजे कायमच्या माउंटची यादी असलेल्या फाइलीत, लिहू नये, कारण ती फाइल संगणकावरचा प्रत्येक वापरकर्ता वाचू शकतो आणि वाचता आलीही पाहिजे. त्यासाठी वेगळी फाइल करावी. तिला आपण '/ईटीसी/हिशेब-खाते' म्हणू. तिच्यात पुढील ओळी असाव्यात.

युजरनेम=लेखनिक
पासवर्ड=येथे खरा पासवर्ड
डोमेन=वर्कग्रुप

बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा सोडू नये आणि पासवर्डभोवती अवतरणचिन्हे देऊ नयेत, अन्यथा तीही पासवर्डचाच भाग समजली जातात. कार्यालयात डोमेन, म्हणजे सर्वांची खाती एका ठिकाणी सांभाळणारी विंडोजची व्यवस्था, नसेल तर तिसरी ओळ गाळली तरी चालते. नंतर 'सुडो सीएचओन रूट:रूट /ईटीसी/हिशेब-खाते' आणि 'सुडो सीएचमॉड ६०० /ईटीसी/हिशेब-खाते' या दोन आज्ञा लगेच द्याव्यात. वेगळी फाइल ठेवण्याचा आणखी एक फायदा असा, की पासवर्डमध्ये स्वल्पविराम असला तरी अडत नाही. पर्यायांच्या ओळीत पासवर्ड लिहिला तर स्वल्पविरामाशी तो तुटतो आणि पुढचा तुकडा वेगळा पर्याय समजला जातो.

ही फाइल सांकेतिक केलेली नसते, हे समजून असावे. ज्याच्याकडे सुडोचा अधिकार आहे किंवा जो संगणकाची डिस्क काढून दुसरीकडे लावू शकतो, त्याला पासवर्ड वाचता येतोच. मर्यादित अधिकारांचे खाते वापरण्याचा आग्रह त्यासाठीच आहे.

कोणाला काय करता यावे

एकच माणूस वापरत असलेल्या लॅपटॉपवर प्रश्न सोपा असतो. 'आयडी' ही आज्ञा देऊन आपला क्रमांक पाहावा. उबुंटू, डेबियन आणि फेडोरावर पहिल्या वापरकर्त्याला सहसा १००० हा क्रमांक मिळतो. मग 'यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,फाइल_मोड=०६००,डिर_मोड=०७००' एवढे पर्याय पुरतात. फाइली आपल्या नावावर दिसतात, आपल्याला सर्व काही करता येते आणि इतर कोणाला आत डोकावता येत नाही. फाइल आणि डिरेक्टरी यांचे अंक वेगळे ठेवण्याचे कारण असे, की डिरेक्टरीत शिरण्यासाठी चालवण्याचा अधिकार लागतो, फाइलींना तो लागत नाही. नाही तर प्रत्येक छायाचित्र आणि प्रत्येक पत्र चालवता येणारा प्रोग्रॅम म्हणून दिसू लागते.

आपल्या उदाहरणात तिघांपैकी दोघांना प्रवेश द्यायचा आहे, म्हणून गट हवा.

सुडो ग्रुपअॅड हिशेबगट
सुडो युजरमॉड -एजी हिशेबगट लता

येथे 'लता' हे त्या दोघांपैकी एकीचे खाते आहे. दुसऱ्या आज्ञेत 'ए' छोटे आणि 'जी' कॅपिटल आहे. 'ए' गाळले तर तो वापरकर्ता बाकीच्या सर्व पूरक गटांतून बाहेर पडतो. त्यात सुडोचा गटही आला, त्यामुळे ही चूक स्वतःच्याच खात्यावर केली तर दुरुस्त करण्याचा अधिकारही हातातून जातो. गटात घातल्यानंतर त्या वापरकर्त्याने एकदा पूर्ण बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला हवे. तोपर्यंत नवा गट लागू होत नाही.

आता माउंटचे पर्याय असे होतील: 'यूआयडी=१०००,जीआयडी=हिशेबगट,फाइल_मोड=०६६०,डिर_मोड=०७७०'. मालक आणि गटातील माणसांना वाचता-लिहिता येते, तिसऱ्या माणसाला डिरेक्टरीत शिरताही येत नाही. मालक म्हणून रूट ठेवण्यापेक्षा जो सर्वांत जास्त काम करतो त्याला ठेवावे, कारण फाइलीवरची जुनी वेळ जशीच्या तशी राखणे हे फक्त मालकालाच जमते. गटातील दुसऱ्या माणसाने 'आरसिंक' (फाइलींच्या प्रती काढणारा प्रोग्रॅम) जुन्या वेळांसह चालवले, तर फाइली जातात, पण वेळ लावता आली नाही अशी कुरकुर प्रत्येक फाइलीमागे येते.

येथे '०७७७' किंवा 'नोपर्म' यांचा मोह होतो. 'नोपर्म' हा पर्याय आपल्या बाजूची तपासणी बंदच करतो आणि सगळे सर्व्हरवर सोपवतो. ऐकायला हे ठीक वाटते, पण सर्व्हरला दिसतो तो फक्त 'लेखनिक'. संगणकावरचा कोणीही माणूस, अगदी पाहुण्याचे खातेही, 'लेखनिक'च्या अधिकाराने फाइली बदलू शकतो. एकट्याच्या यंत्रावर याने काही बिघडत नाही. सामायिक यंत्रावर मात्र हे दोन्ही पर्याय वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

गटाच्या पद्धतीचीही एक मर्यादा आहे. दोघांनी केलेले बदल सर्व्हरच्या नोंदीत एकाच नावावर पडतात, त्यामुळे अमुक फाइल कोणी पुसली याचे उत्तर सर्व्हर देऊ शकत नाही. ते उत्तर हवे असेल तर 'मल्टीयूजर' हा पर्याय आहे. त्यात प्रत्येक वापरकर्ता स्वतःच्या ओळखीने सर्व्हरशी बोलतो, मात्र त्यासाठी कर्बेरॉसची (नेटवर्कवर ओळख पटवण्याच्या पद्धतीची) व्यवस्था किंवा प्रत्येकाने 'सीआयएफएसक्रेड्स' या आज्ञेने स्वतःचा पासवर्ड नोंदवणे आवश्यक असते. दोन-तीन माणसांच्या कार्यालयाला एवढा व्याप बहुधा परवडत नाही, पण वादाची शक्यता असलेल्या ठिकाणी तो घालावा.

मालकी आणि अंकांखेरीज काही छोटे पर्याय नेहमी जोडावेत. 'नोसुइड' आणि 'नोडेव्ह' यांमुळे शेअरवरून आलेली एखादी फाइल विशेष अधिकाराने चालू शकत नाही किंवा उपकरण असल्याचे सोंग घेऊ शकत नाही. कागदपत्रांच्या शेअरवर 'नोएक्झेक'ही द्यावा, कारण तेथून प्रोग्रॅम चालवण्याचे कारणच नसते. जेथे फक्त जुनी कागदपत्रे पाहायची आहेत, तेथे 'आरओ', म्हणजे केवळ वाचन, हा पर्याय द्यावा. तो अपघाती पुसापुसीपासून वाचवतो, पण सुडो असलेल्या माणसाला तो काढून पुन्हा माउंट करता येते. खरोखरच लिहू द्यायचे नसेल, तर सर्व्हरवरच्या खात्यालाच केवळ वाचनाचा अधिकार द्यावा. आणि जोडणी वायफायवरून किंवा अनोळखी नेटवर्कवरून होणार असेल, तर 'सील' हा पर्याय एसएमबी ३च्या सर्व्हरशी होणारी सगळी देवाणघेवाण सांकेतिक करतो. त्यासाठी वेगात थोडी किंमत मोजावी लागते.

एफएसटॅबमधील ओळ

आता हे सर्व '/ईटीसी/एफएसटॅब'मध्ये एका ओळीत बसवायचे आहे. हात लावण्यापूर्वी त्या फाइलीची एक प्रत काढून ठेवावी.

//१९२.१६८.१.१०/हिशेब /एमएनटी/हिशेब सीआयएफएस क्रेडेन्शियल्स=/ईटीसी/हिशेब-खाते,यूआयडी=१०००,जीआयडी=हिशेबगट,फाइल_मोड=०६६०,डिर_मोड=०७७०,नोसुइड,नोडेव्ह,नोएक्झेक,_नेटडेव्ह,नोफेल,एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट ० ०

ओळीत सहा रकाने आहेत: कोठून, कोठे, प्रकार, पर्याय, आणि शेवटी दोन शून्ये. पर्यायांच्या रकान्यात स्वल्पविरामानंतर जागा सोडू नये. जागा आली की रकाना संपला असे मानले जाते. त्याच कारणाने शेअरच्या नावात जागा असेल, तर तिच्या ठिकाणी उलटी तिरपी रेघ आणि ०४० असे लिहावे लागते.

'_नेटडेव्ह' हे नेटवर्क आल्यावरच माउंट करा असे सांगते. सिस्टमडी (संगणक चालू होताना सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) सीआयएफएस आणि एनएफएस हे प्रकार आपणहून ओळखते, तरी वाचणाऱ्याला कळावे म्हणून ते लिहिलेले बरे. 'नोफेल' मात्र विसरू नये. सर्व्हर बंद असताना हा पर्याय नसेल, तर संगणक चालू होताना माउंटची वाट पाहत बसतो. ही मुदत सहसा ९० सेकंदांची असते आणि लॉगिनचा पडदा तोवर अडून राहू शकतो. 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' याहून पुढे जाते: संगणक चालू होताना शेअर माउंटच होत नाही, कोणीतरी त्या डिरेक्टरीला पहिल्यांदा हात लावला की मग होतो. घर आणि कार्यालय यांच्यात फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी हा सर्वांत उपयोगी पर्याय आहे. त्याला 'एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=६००' जोडले, तर दहा मिनिटे वापर नसल्यास शेअर आपोआप सुटतो.

ओळ लिहून झाल्यावर संगणक पुन्हा चालू करून नशीब अजमावू नये. आधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवून ओळीत ढोबळ चूक नाही ना ते पाहावे, मग 'सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रिलोड' करून 'सुडो माउंट -ए' द्यावे. ऑटोमाउंट ठेवले असेल, तर 'सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट रिमोट-एफएस.टार्गेट' अशी एक आज्ञा आणखी लागते. 'फाइंडएमएनटी /एमएनटी/हिशेब' ही आज्ञा प्रत्यक्षात लागू झालेले पर्याय दाखवते. आपण लिहिलेले आणि लागू झालेले यांची तुलना करावी. शेवटी परवानगीची चाचणी तिन्ही खात्यांतून घ्यावी. 'सुडो -यू लता टच /एमएनटी/हिशेब/चाचणी' ही आज्ञा यशस्वी व्हायला हवी, येथे 'यू' छोटे आहे, आणि तिसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने तीच आज्ञा दिल्यावर नकार यायला हवा. ही दुसरी चाचणी लोक टाळतात, आणि नेमकी तीच महत्त्वाची असते.

माउंट न झालेली डिरेक्टरी

'/एमएनटी/हिशेब' ही शेअर नसतानाही एक साधी डिरेक्टरी असतेच. शेअर माउंट न होता बॅकअपची आज्ञा चालली, तर ती निमूटपणे आपल्याच डिस्कवर लिहीत राहते आणि डिस्क भरेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. पुढे शेअर माउंट झाला, की त्या फाइली त्याच्याखाली झाकल्या जातात. डिस्क भरलेली दिसते, पण फाइली सापडत नाहीत. उलट दिशेचा प्रकार याहून वाईट. शेअरवरून दुसऱ्या डिस्कवर 'आरसिंक --डिलीट' चालत असेल आणि शेअर माउंटच नसेल, तर मूळ जागा रिकामी आहे असे समजून आरसिंक बॅकअपमधल्या फाइली पुसत सुटते.

यावर दोन उपाय एकत्र करावेत. शेअर सोडवलेला असताना 'सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/हिशेब' ही आज्ञा द्यावी. त्यामुळे रिकाम्या डिरेक्टरीत रूटलाही लिहिता येत नाही, पण तिच्यावर शेअर माउंट करायला आडकाठी येत नाही. आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पहिलीच ओळ 'माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/हिशेब' ही ठेवून, ती अयशस्वी झाली तर स्क्रिप्ट तेथेच थांबवावी.

त्रुटींचे क्रमांक

माउंट अयशस्वी झाले तर संदेशात कंसात एक क्रमांक येतो. १३ म्हणजे परवानगी नाकारली: पासवर्ड, खाते किंवा डोमेन तपासावे. २ म्हणजे त्या नावाचा शेअर सापडला नाही. १११ म्हणजे यंत्र आहे पण ४४५ या पोर्टवर कोणी ऐकत नाही, तर ११५ आला आणि बराच वेळ वाट पाहून आला, तर फायरवॉलवर संशय घ्यावा. अधिक तपशील 'सुडो डीमेसग'च्या शेवटच्या ओळींत मिळतो.

११२ हा क्रमांक फसवा आहे. तो यंत्र बंद असल्याचे सांगतो, पण यंत्र पिंगला उत्तर देत असेल, तर दोष बहुधा एसएमबीच्या आवृत्तीचा असतो. जुनी नॅस आणि काही जुने स्कॅनर फक्त एसएमबी १ बोलतात. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रॅमने विंडोजमधील याच आवृत्तीच्या त्रुटीतून जगभर शिरकाव केला. त्याच वर्षी लिनक्स कर्नलने ४.१३पासून आपणहून एसएमबी १ वापरणे सोडले. 'व्हर्स=१.०' लिहिले की जुने यंत्र लगेच चालू होते, म्हणून तो सल्ला सर्वत्र आढळतो. आधी नॅसचे फर्मवेअर अद्ययावत करून पाहावे. ते शक्यच नसेल तर हा पर्याय तेवढ्या एका शेअरपुरता, 'आरओ'सह आणि इंटरनेटपासून वेगळ्या ठेवलेल्या नेटवर्कवरच द्यावा.

मराठी नावांच्या फाइलींची अडचण क्रमांकात येत नाही. नावे सध्याच्या कर्नलवर नीट दिसतात; प्रश्नचिन्हे दिसली तर 'आयओचारसेट=यूटीएफ८' द्यावे. पण विंडोजवरचे एनटीएफएस फाइलीच्या नावाला २५५ वर्ण देते आणि लिनक्सचे एक्सटी४ २५५ बाइट. देवनागरीचा प्रत्येक वर्ण, आणि प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी वेगळी धरून, यूटीएफ८मध्ये ३ बाइट घेतो. म्हणजे लिनक्सवर मराठी नाव ८५ चिन्हांत संपते, आणि ठरावाचे सगळे शीर्षक फाइलीला देणाऱ्या कार्यालयांत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. विंडोजवरून आपल्या डिस्कवर प्रत काढताना नाव फार लांब असल्याचा संदेश आला, तर परवानग्या तपासत बसू नये. नाव लहान करावे.

एनएफएस असेल तर

दोन्ही बाजूंना लिनक्स असेल तर एनएफएस सोपे पडते. 'एनएफएस-कॉमन' हे पॅकेज, फेडोरावर 'एनएफएस-युटिल्स', आणि पत्ता '१९२.१६८.१.१०:/एसआरव्ही/हिशेब' अशा रूपात. चौथी आवृत्ती २०४९ या एकाच पोर्टवर चालते. मात्र वर सांगितलेला मुखवटा येथे नाही: 'यूआयडी=' आणि 'फाइल_मोड=' हे पर्याय एनएफएसला लागू होत नाहीत. नेहमीच्या मांडणीत आपला संगणक वापरकर्त्याचा क्रमांक सांगतो आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. एका यंत्रावर १००१ ही लता असेल आणि सर्व्हरवर १००१ हा दुसराच कोणी असेल, तर लताला त्या दुसऱ्याच्या फाइली मिळतात. म्हणून क्रमांक दोन्हीकडे एकच ठेवावेत, आणि ज्या यंत्रांवर रूटचा ताबा आपल्याकडे नाही त्यांना कर्बेरॉसशिवाय एनएफएस देऊ नये. रूटला सर्व्हर एरवी परका समजतो. त्याला 'रूट_स्क्वॉश' म्हणतात आणि तो बंद करण्याची गरज क्वचितच पडते.

सर्व्हरवरील '/ईटीसी/एक्सपोर्ट्स' या फाइलीत '१९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक)' असे लिहिताना पत्ता आणि कंस यांच्यात जागा सुटली, तर अर्थ पार बदलतो: त्या नेटवर्कला मूळचे केवळ वाचन मिळते आणि बाकी सगळ्या जगाला लिहिण्याची परवानगी. बदल केल्यावर 'सुडो एक्सपोर्टएफएस -आरए' देऊन तो लागू करावा आणि 'सुडो एक्सपोर्टएफएस -व्ही' चालवून कोणाला काय दिले आहे ते वाचून घ्यावे.

क्लायंटवर, म्हणजे शेअर वापरणाऱ्या संगणकावर, 'हार्ड' ही मूळ पद्धत बदलू नये. सर्व्हर गेला तर प्रोग्रॅम अडकून राहतात, ते त्रासदायक वाटते, म्हणून 'सॉफ्ट' सुचवले जाते. पण 'सॉफ्ट'मध्ये मुदत संपली की लिहिणे अर्धवट सुटते, आणि ती चूक न तपासणारा प्रोग्रॅम खराब फाइल मागे ठेवतो.

शेअर काढून टाकताना

'युमाउंट' केल्यावर जागा वापरात असल्याचा संदेश आला, तर 'सुडो फ्युजर -व्हीएम /एमएनटी/हिशेब' कोणता प्रोग्रॅम अडून आहे ते दाखवते. अनेकदा तो त्या डिरेक्टरीत उभा असलेला आपलाच टर्मिनल असतो. सर्व्हर कायमचा गेला असेल तर 'सुडो युमाउंट -एल' वापरावे. तेथे 'एल' छोटे आहे. शेअरची गरज संपली की एफएसटॅबमधील ओळ काढून 'डेमन-रिलोड' करावे, '/ईटीसी/हिशेब-खाते' पुसावी, आणि तो संगणक कार्यालयाबाहेर जाणार असेल तर सर्व्हरवर 'लेखनिक'चा पासवर्डही त्याच दिवशी बदलावा.